खुशालीची रिंग

जांभूळमुऱ्याच्या लोकांना फोनवर बोलायचा भारी कंटाळा, पण फोन वाजवायची हौस दांडगी. बोलण्याला पैसे पडत होते त्या काळात लागलेली ही सवय. धरणाच्या पाण्यापलीकडे सुखरूप पोचलं, की मुंबईच्या पोराला एक रिंग द्यायची आणि त्याने उचलायच्या आत कापायची. पुढे बोलणं फुकटात जमा झालं, फोनमध्ये चेहरे दिसू लागले, तरी गावात उरलेल्या म्हाताऱ्या माणसांनी रिंग काही सोडली नाही. दिवेलागणीला ज्याची त्याची एक रिंग वाशीला, कोपरखैरण्याला, पुण्याला जायची. मी आहे, बरी आहे, तू जेवून घे, एवढं सगळं तिच्यात मावायचं. एखाद्या पोराने चुकून फोन उचललाच, तर आई उलट त्याच्यावरच डाफरायची, की उचललास कशापायी, झालं काय.

आणि रिंग आलीच नाही, तर पोरगा कोंडिराम उतेकरांना फोन लावायचा. कोंडिराम म्हणजे गावाचे आबा. बॅकवॉटरमध्ये त्यांची लाँच चालायची. माणसं, रेशन, गॅसच्या टाक्या, नवी नवरी, सगळं अल्याडचं पल्याड तेच करायचे. "आबा, आईची रिंग आली नाय. जरा वर जाऊन बघता?" एवढं कानावर आलं, की आबा लाँच बांधून वाडीचा चढ चढायचे. बहुतेक वेळा खाली येऊन सांगायचे, "फोन चुलीपाशी पडला व्हता. म्हातारी ठनठनीत हाय." एखाद्या वेळी मात्र दवाखान्याची वाट धरावी लागायची, आणि ती वेळेवर धरली जायची. ही व्यवस्था कुणी बसवलेली नव्हती. ती आपोआप बसली होती, त्यामुळे तिला व्यवस्था म्हणतात हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आबांच्या पोटच्या मुलीच्याही नाही, आणि सगळं दुखणं इथूनच सुरू झालं.

ती मुलगी सारिका. आई लवकर गेलेली, मागे भाऊ-बहीण नाही. गावातून शिकून बाहेर पडली ती थेट पुण्यात एका मोबाइल कंपनीच्या नियंत्रण केंद्रात इंजिनिअर होऊन बसली. संध्याकाळी ती घरी येऊन हातपाय धुते न धुते, तोच फोनवर 'आबा' उमटायचं, एकदा वाजायचं आणि बंद व्हायचं. मग ती गॅस पेटवायची. बाप-लेकीत बोलणं म्हणाल तर सणासुदीला, तेही पाऊसपाण्याचं. पण रिंग चुकली असं कधी झालं नव्हतं, आणि दोघांनाही त्यात काही कमी वाटत नव्हतं.

सारिकाचं काम कळायला आधी टॉवर कळायला हवा. जुना टॉवर पेट्रोमॅक्ससारखा होता. लावला की चहूकडे उजेड, तिथे कुणी असो वा नसो. नवे टॉवर हातातल्या बॅटरीसारखे. ते आपल्या लहरी एका बारीक झोतात गोळा करून नेमक्या एका फोनवर सोडतात, आणि पापणी लवायच्या आत तोच झोत उचलून दुसऱ्या फोनवर नेतात. झोत बारीक, म्हणून तो लांब जातो, आणि चार झोत चार दिशांना सोडले तरी एकमेकांत कालवत नाहीत. अडचण एवढीच, की झोत मोजके आणि फोन शेकड्यांनी. कुणावर कधी, किती वेळ आणि किती जोराने झोत पाडायचा, हे ठरवणारा एक प्रोग्रॅम असतो. केंद्रातल्या मराठी पोरापोरींनी त्याचं नाव ठेवलं होतं पाटकरी. गावाकडे कालव्याचं पाणी पाळीपाळीने सोडणारा पाटकरी असतो, तसाच हा.

हा पाटकरी शिकणारा होता. कोण कधी काय मागतो हे तो बघत राहायचा आणि पुढच्या वेळी मागायच्या आत पाळी लावून ठेवायचा. डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल तातडीचा, पोरांचे सिनेमे सवडीचे, हे त्याला चांगलं समजायचं. जांभूळमुऱ्याला मात्र त्याची खरी कसोटी लागे. तिथला टॉवर डोंगराच्या सोंडेवर, उन्हावर चालणारा. ऊन कललं की साठवलेल्या विजेवर भागवायचं, आणि नेमकी तेव्हाच सगळ्या खोऱ्याची मागणी वर यायची. दुष्काळात तेरावा महिना. वीज पुरवून वापरायची म्हणजे झोत कमी करायचे, आणि झोत कमी केले की कुणीतरी ताटकळणार.

त्यात केंद्राच्या लक्षात आलं, की खोऱ्यातले ढीगभर कॉल दिवेलागणीला लागता लागता तुटतात. अँटेना तपासल्या, सॉफ्टवेअर बदललं, बाहेरून तज्ज्ञ आले, दोष सापडेना. सारिकाने तो आलेख पाहिला आणि भर बैठकीत तिला हसू फुटलं.

"हे तुटत नाहीयेत," ती म्हणाली, "हे लोक तोडतायत." आणि तिने सगळ्यांना रिंगची गोष्ट सांगितली.

विभागप्रमुख देशमाने मॅडमनी विचारलं, "म्हणजे त्या कॉलमध्ये मजकूर काय असतो?"

"काहीच नाही. नुसती खुशाली."

मग एक नियम तयार झाला, आणि गावची माहितगार म्हणून तो सारिकानेच लिहिला. जो फोन रोज ठरल्या सुमाराला ठरल्या नंबरला एकच रिंग देतो, त्याच्यासाठी खोऱ्यातला महागाचा झोत खर्च करायचा नाही. पुण्यातल्या संगणकानेच त्या वेळेला मुंबईच्या पोराचा फोन एकदा वाजवायचा, आईचं नाव दाखवून. आईने खरंच रिंग दिली होती का, याची खात्री पाटकऱ्याने सवडीने, झोत मोकळा असेल तेव्हा करून घ्यायची. रिंग रिकामीच, ती खालून आली काय आणि वरून वाजली काय, असा हिशेब. सारिकाचं कौतुक झालं, पेढे वाटले गेले, आणि खोऱ्यातले संध्याकाळचे कॉल खरोखरच भराभर लागू लागले.

एक भोक मात्र कुणाला दिसलं नाही. पाटकरी झोत टाकायचा तो मागणाऱ्याकडे. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हा तर यंत्र. जो फोन गप्प, त्याच्यावर झोत नाही, आणि झोत नाही म्हणून तो का गप्प आहे याची चौकशी नाही. खात्री उद्यावर जायची आणि उद्याची परवावर. खात्री करताना एखादा फोन लागला नाही तरी त्यात नवल नव्हतं, कारण खोऱ्यात कुणाचा ना कुणाचा फोन नेहमीच चार्जिंगविना पडलेला असायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला आबा मोतीबिंदू काढायला पुण्याला आले. ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी चढली. फोनकडे बघायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद, म्हणून सारिकाने त्यांचा फोन बंद करून कपाटात ठेवून दिला. संध्याकाळी दोघं गॅलरीत चहा घेत बसले होते.

"लाँच कोण बघतंय आबा?"

"भाच्याला सांगितलंया. काम तरी काय ऱ्हायलंय आता." आबांनी बशीत चहा ओतला. "आन् येक बरं झालंया. हल्ली मला कुनी वर पाठवत न्हाय. वाशीवरनं फोन यायचे न्हाईत का, रिंग आली न्हाय, जरा बघा म्हनून? आख्ख्या हिवाळ्यात येक न्हाय आला. बरं चाललंय समद्यांचं."

सारिका कपातला चहा ढवळत होती, ती थांबली. तिला नक्की काय खटकलं ते कळायच्या आत तिचा फोन वाजला. एकदाच वाजला. पडद्यावर नाव होतं 'आबा'.

"कोन गं?" शेजारी बसलेल्या आबांनी विचारलं.

"कोणी नाही. कंपनीचा आहे."

बापाशी ती सहसा खोटं बोलत नसे. आत जाऊन तिने कपाट उघडलं. आबांचा फोन होता तसा बंद पडलेला होता. तिला आधी स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला, की नियम किती चोख चाललाय. मग हे आबा इथे नसते, तिकडे घरात पडून राहिले असते, तरी मी आज गॅस पेटवला असता, हे तिला कपाटाच्या दारातच कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी ती देशमाने मॅडमकडे गेली. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सारिका, माघात त्या खोऱ्यात एका तरण्या पोराला घोणस चावली होती, आठवतं? संध्याकाळच्या वेळी साताऱ्याचे डॉक्टर त्याच्या आईला तासभर व्हिडिओवर सांगत होते काय करायचं ते. पोरगा वाचला. तो तासभराचा झोत कुठून आला? तुझ्या त्या रिंगमधून वाचला होता."

"पण मॅडम, खात्री होतच नाहीये."

"होईल. पुढच्या आवृत्तीत सुधारू. आत्ता नियम काढला आणि उद्या एखादा तातडीचा कॉल अडकला, तर त्या आईला तू काय सांगणार?"

घोणशीची गोष्ट खरी होती. सारिका जागेवर येऊन बसली, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेल्यावर तिने एकच काम केलं. आबांचा नंबर त्या नियमातून वगळला. याला चोरी म्हणावं की माया, ते ज्याने त्याने ठरवावं. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे कुंपणाने शेत खाल्लं नाही, फक्त आपल्या दारापुरतं राखलं आणि बाकीचं उघडं टाकलं.

आबा गावी परत गेले. त्या दिवसापासून त्यांची रिंग खरी येऊ लागली, आणि ती खरी आहे हे सारिकाला ओळखू यायचं. कधी लवकर यायची, कधी उशिरा, कधी दोनदा वाजायची कारण आबांचं बोट चुकायचं. त्या चुकलेल्या रिंगने तिला इतकं बरं वाटायचं की तिची तिलाच लाज वाटे. खोऱ्यातल्या इतर घरांचा विचार मनात आला, की ती म्हणायची, पुढच्या आवृत्तीत होईलच की सुधारणा.

भाद्रपदात एका सकाळी आबांची रिंग आली आणि थांबेना. सारिकाने घाबरत फोन उचलला.

"विलासची आय गेली," आबा म्हणाले. "भागूबाई. मीच पाह्यली. ये."

भागूबाई सपकाळ वरच्या वाडीत एकट्याच राहायच्या. शेजारची दोन्ही घरं मुंबईला गेलेली. मुलगा विलास वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी. सारिका लहान असताना भागूबाईंनी तिला वेण्या घातल्या होत्या. आबा रेशनचं पोतं पोचवायला वर गेले, दार आतून लावलेलं, हाकेला ओ नाही. दार उचकटलं तेव्हा त्या चुलीपुढे पडलेल्या होत्या, आणि पडून बरेच दिवस झाले होते. पोलीस आले, डॉक्टर आले, आणि मग दुपार उलटल्यावर पाण्याच्या काठाला सगळं उरकलं.

परतताना लाँचमध्ये सातआठ माणसं होती. सुकाणूच्या चाकाशी आबा, पुढे भावकीतले वडीलधारे आप्पा, मधल्या फळीवर डोकं गुडघ्यात घालून विलास आणि त्याच्या समोर सारिका. मग आप्पांनी विषय काढला, कारण तो काढावाच लागणार होता.

"विलास, दीस कुठला धरायचा? दहावा त्याच्यावरनं काढायचाय. वर्षाचं श्राद्ध बी त्याच तिथीला व्हईल."

"डाक्टर म्हनतो पाच-सहा दिवस झालं असतील," विलास म्हणाला. "पन आप्पा, काल सांजच्याला आईची रिंग आलती. परवा बी आलती. मी बघितली ना. डाक्टरचं चुकलंय."

"मंग कालचाच दीस धरू. रिंग काय खोटं बोलती व्हय."

काठ जवळ आला होता, उजेड कमी होत चालला होता. तेवढ्यात विलासच्या खिशात फोन वाजला. त्याने तो काढला आणि हातात धरून नुसता बघत राहिला. एकदा वाजून फोन गप्प झाला. शेजारी बसलेल्या बाईने वाकून नाव वाचलं आणि तोंडावर पदर घेतला. आईचा फोन केव्हाच विझलेला, पोलिसांनी बांधून दिलेल्या पिशवीत विलासच्या पायाशीच पडला होता.

"जीव घुटमळतोय बिचारीचा," आप्पा पुटपुटले. "कायतरी ऱ्हायलं असंल तिचं."

विलासने फोन सारिकापुढे धरला. "ताई, तुम्ही त्याच लायनीतल्या ना? हे काय हाय, सांगा."

गप्प बसायची सोय होती. आप्पांनी तोडगा काढलाच होता. जीव घुटमळला, पाण्यापाशी दिवा लावला, पान वाढलं, की संपलं. गाव त्यावर समाधानाने निजलं असतं. पण समोर बसलेला माणूस आईच्या मरणाचा चुकीचा दिवस जन्मभर पाळणार होता, आणि हे सारिकाला सोसवेना.

"विलासदादा, कालचा दिवस धरू नका," ती म्हणाली. "डॉक्टर सांगतायत तेच बरोबर आहे. ही रिंग काकींची नाही. कित्येक महिने झाले, त्यांची नाही. आमचं यंत्र वाजवतं. तुमच्या एकट्याची नाही, सगळ्या खोऱ्यातली. सवयीची वेळ झाली की वाजवून मोकळं होतं."

तिने जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. झोत, पाळ्या, वाचवलेली वीज, घोणस चावलेला पोरगा. नियम कुणी लिहिला तेही सांगितलं. लोकांना सगळं समजलं नाही, पण जेवढं समजायला हवं होतं तेवढं समजलं.

आबांनी इंजिन बारीक केलं. "मंजी मला वर्षभर कुनी वर पाठवलं न्हाय, ते ह्यापायी?"

"हो आबा."

"आन् मी पाच दीस खाली बसून व्हतो." ते पाण्याकडे बघत म्हणाले. मग त्यांनी मान वळवली. "तुला माझी येती, ती बी तसलीच?"

इथे ती पुन्हा खोटं बोलू शकली असती. "नाही. तुमची खरी येते. तुमचा नंबर मी त्यातून काढला होता."

"कवा?"

"मोतीबिंदूच्या वेळी."

लाँच काठाला लागली तरी कुणी उठलं नाही. विलासच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सारिकाला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "ताई, मंग माझ्या आईचा बी काढायचा की."

लोक एकेक करत उतरून गेले. आबांनी दोर खुंट्याला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मुलीकडे न बघता म्हणाले, "जा तू. आन् मला समद्यांसारखंच ठेव. येगळं नगं."

पुण्याला आल्यावर सारिका कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. तिने केंद्रात सगळं उघड सांगितलं, स्वतः नंबर वगळल्यासकट. देशमाने मॅडमचा चेहरा उतरला. झालं ते भयंकर आहे हे त्यांनी मान्य केलं आणि रिंगचा नियम त्याच दिवशी खोऱ्यातून उठवला. आता कुणाच्या नावाने यंत्र रिंग वाजवणार नव्हतं.

"पण पाटकऱ्याचं शिकणं मी थांबवणार नाही," त्या म्हणाल्या. "वीज तेवढीच आहे. जो कॉल कुणी उचलणारच नाही, त्याच्यावर झोत घालवायचा नाही, एवढं तरी त्याला कळलंच पाहिजे."

सारिकाला ते रास्त वाटलं. बापाने सांगितल्याप्रमाणे तिने आबांच्या नंबरला दिलेली सूटही काढली आणि तो पुन्हा पाटकऱ्याकडे सगळ्यांच्या रांगेत घातला. महिना संपायच्या आत तिची बदली बिलांच्या विभागात झाली, आणि पाटकऱ्याचं दार तिच्यासाठी बंद झालं.

आबांची रिंग काही आली नाही. पहिल्या संध्याकाळी ती फोन ओट्यावर ठेवून उभी राहिली. आता मधे कुठलं यंत्र नव्हतं, म्हणजे ही शांतता खरी होती, पण ती रागाची की चुलीपुढे पडलेल्या माणसाची, हे नुसत्या शांततेवरून कसं कळणार? शेवटी तिने फोन लावला. पाचसहा वेळा वाजला आणि पलीकडून कापला गेला. सारिका खुर्चीवर बसून रडली आणि मग तिने गॅस पेटवला. कापला, म्हणजे कापायला माणूस होता. रागावलेला का होईना, जिवंत होता.

मग रोजचं तेच झालं. दिवेलागणीला ती फोन लावायची, आबा कापायचे. कधी पहिल्या घंटीला, कधी फोन चांगला वाजू दिल्यावर. एकदा तर इतका वेळ वाजला की तिला वाटलं, आता उचलणार. तिला याचीही सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, तीच तर सगळ्याची गोम. पूर्वी ते वाजवायचे आणि ती समजून घ्यायची, आता ती वाजवते आणि ते कापतात, एवढाच फरक, असं ती मनाला समजवायची. राग कधीतरी निवेल. आपण गावी जाऊन उंबऱ्यात उभं राहायला अजून तोंड नाही, असंही तिला वाटायचं.

दसरा झाला. त्यानंतरच्या एका संध्याकाळी फोन लावताना तिच्या मनात आलं, की आता दुसरी घंटी संपेल आणि कापला जाईल. तसंच झालं. दुसऱ्या दिवशीही दुसरी घंटी संपली आणि कापला गेला. तिने आठवून पाहिलं, कालही, परवाही, त्याच्या आधीही. आबांचे हात कधी डिझेलने माखलेले, कधी दोर धरलेले, कधी भाकरीच्या पिठाचे. असा माणूस रोज नेमक्या दुसऱ्या घंटीला फोन कापतो? हातातला फोन तिला एकाएकी परका वाटला. रजेचा अर्ज तिने सकाळी बसमधूनच पाठवला.

काठावर पोचली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. लाँच पलीकडच्या तीरावरून निघून अर्ध्या पाण्यात आली होती. चाकाशी उभे असलेले आबा तिला इथूनही ओळखू आले. मग तिने फोन काढला आणि त्यांच्याकडे बघत बघत नंबर लावला. एक घंटी झाली. दुसरी झाली. फोन कापला गेला. आबांचे दोन्ही हात चाकावर होते. त्यांनी खिशाकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

लाँच लागली, दोनचार माणसं उतरली. आबांनी तिला पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले. डोळ्याची पट्टी कधीच निघाली होती, पण ते डोळे बारीक करून बघत राहिले. नंतर उतरून जवळ आले.

"आबा, तुमचा फोन कुठंय?"

"ह्यो काय." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढून तिच्या हातात दिला. फोन चालू होता, चार्जिंग भरलेलं होतं. तिने आलेले कॉल पाहिले. तिचं नाव खाली कुठेतरी, कित्येक आठवड्यांपूर्वीचं होतं. त्यानंतर एकदाही नव्हतं.

"पयल्यांदा आठ-धा दीस मीच कापला," आबा खाली बघत म्हणाले. "राग व्हता. मंग निवला. पन म्हनलं, आता रिंग द्यायची न्हाय. रिंग न्हाय दिली तर पोर पुन्हा फोन करंल, उचलू, चार शब्द बोलंल. रोज सांजच्याला हितंच बसतो, फोन हातात धरून."

त्या आठ-दहा दिवसांत, हा कॉल कुणी उचलत नाही, हे पाटकरी शिकला होता आणि तेव्हापासून तोच तो वरच्यावर कापत होता. हे सांगायला सारिकाने तोंड उघडलं, पण आबांनी तिच्या हातातून फोन घेतला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"महिना होऊन गेला, पोरी. एक फोन न्हाय तुझा."